मामेसासऱ्यांचा वाढदिवस

परोपकार करायलाही रांग लावावी लागते, हे मला त्या सुट्टीत कळलं. तिकिटाला रांग असते, दाखल्याला असते, पण भुकेल्यांना वाढणाऱ्यांची रांग भुकेल्यांच्या रांगेपेक्षा लांब असू शकते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मी वजनमापे खात्यात तपासनीस आहे, आणि सुट्टीत दुकानदारांचे काटे जरा मोकळा श्वास घेतात. दरवर्षी या आठवड्यात आमच्या हिला माळा आवरायची हुक्की येते. या वर्षी तिनं शिडी काढलेली पाहिली आणि माझ्या मनात समाजाविषयी एकदम कळवळा दाटून आला. "मी बेघरांच्या निवाऱ्यात सेवा करायला जाणार आहे," मी जाहीर केलं.

"माळा टाळायला माणूस कुठवर जाऊ शकतो, ते बघतेय मी," ही म्हणाली.

खरं तर गोष्ट इथंच थांबायची. पण मी ती लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली. काकूंना सांगणं म्हणजे गच्चीवर उभं राहून ओरडण्यासारखंच, फक्त घसा वाचतो. आमच्या इमारतीत कोणाची कोणती नणंद कोणाच्या कोणत्या दिराला दिली आहे, हे काकूंना मुखोद्गत आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवरून सल्ले आले. एप्रन न्या, फोटोत बरं दिसतं. हातमोजे घाला. फार जवळीक करू नका. अगदीच तुटकही वागू नका. तळमजल्यावरच्या गायन शिक्षिका म्हणाल्या, वाढताना गुणगुणत वाढा, अन्न अंगी लागतं. आता माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सूपचा मोठा थर्मास घेऊन निवाऱ्यात पोचलो, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. एका बँकेचा अख्खा कर्मचारीवर्ग एकसारख्या टोप्या घालून आला होता. दंतवैद्यांची संघटना टूथब्रश वाटत होती. एक पोहण्याचा क्लब होता, त्यांच्याकडे स्वतःचा टेम्पो, स्वतःचा बॅनर आणि स्वतःचा भोंगा होता. दोघी बायका एकाच म्हाताऱ्याला दोन बाजूंनी वाढत होत्या आणि तो बिचारा टेनिसचा सामना पाहावा तशी मान हलवत होता.

निवाऱ्याच्या व्यवस्थापक बाई टेबलाशी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मी माझा हेतू भारदस्त शब्दांत सांगितला.

"वाढपी जास्त झालेत हो," त्या म्हणाल्या. "सुट्टी संपल्यावर या ना. तेव्हा इथं कुत्रं फिरकत नाही."

"सुट्टी संपल्यावर मला ऑफिस असतं."

"सगळ्यांनाच असतं. म्हणून तर कुणी फिरकत नाही."

मी तसाच भरल्या थर्मासनं बाहेर पडलो. आता घरी काय तोंड दाखवू? हिला सांगितलं असतं तर तिनं निमूटपणे शिडीकडे बोट दाखवलं असतं. एक तरी बेघर माणूस गाठायचा आणि त्याला सूप पाजूनच परतायचं, असा निश्चय करून मी रस्तोरस्ती हिंडू लागलो. एकाला हाक मारली, तो पोस्टमन निघाला. एकाच्या पाठीवर गोणपाट होतं म्हणून मी आशेनं धावलो, तर तो पोतं घेऊन चाललेला एका बंगल्याचा माळी होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईनं त्याला वेळ विचारली.

शेवटी सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिघं भेटले. दाराला कुलूप होतं आणि हे तिघं कुलपाकडे पाठ करून रांगेत बसले होते. मी थर्मास उघडला.

"नको हो साहेब," त्यातला सडपातळ म्हणाला. "सकाळपासून चार ठिकाणी जेवलोय. एका ठिकाणी तर नको म्हटलं म्हणून त्या बाई रडायला लागल्या, म्हणून परत बसलो." हा अखंड बोलत असे, त्यामुळे त्याचं नाव रेडिओ पडलं होतं. शेजारचा दांडगा माणूस पूर्वी ट्रक चालवायचा, त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. त्यानं नुसतं पोटावर हात फिरवून असमर्थता दाखवली.

मधे एक उंच म्हातारे गृहस्थ मफलर गुंडाळून ताठ बसले होते. वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची वर्षानुवर्षं त्यांची, म्हणून त्यांना अध्यक्ष म्हणायचे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अर्धा कप द्या," ते म्हणाले. "एवढे लांबून आलात, हात हलवत परत कसे जाल?"

म्हणजे सेवा त्यांनी माझी केली! ते सूप त्यांनी कसं संपवलं ते मी पाहत होतो. प्रत्येक घोटामागे थोडा विसावा, थोडा खोकला. खोकला काही मला आवडला नाही.

"तुम्हाला खरोखर हवं तरी काय आहे?" मी जरा घायकुतीला येऊनच विचारलं.

"बसायला जागा," अध्यक्ष म्हणाले आणि पाठीमागच्या कुलपाकडे अंगठा दाखवला.

मग रेडिओनं सगळं सांगितलं. निवारा फक्त रात्रीचा. सकाळी सगळ्यांना बाहेर काढतात, ते अंधार पडल्यावर आत घेतात. दिवसाचं जेवणही बाहेर अंगणातच. दिवसभर ही मंडळी वाचनालयात बसायची. तिथं ऊब असते, पेपर असतात, कुणी उठवत नाही. पण सुट्टीत वाचनालय बंद. गेल्या वर्षी याच दिवसांत अध्यक्ष पुलाखाली गारठ्यात बसले, छातीत कफ झाला, दवाखान्यात पडले. आणि निवाऱ्याचा नियम असा, की रात्री जो आला नाही त्याची खाट दुसऱ्याला. अध्यक्षांना खाट परत मिळेपर्यंत उन्हाळा उलटून गेला. "यंदाही खोकला सुरू झालाय," रेडिओ म्हणाला, आणि एवढं बोलून तो गप्प बसला.

मी सरकारी माणूस आहे. मला वाटलं, हात्तिच्या, यात काय आहे! वाचनालयाच्या कचेरीत गेलो. तिथं एक शिपाई उन्हात खुर्ची टाकून बसला होता. साहेब सुट्टीवर. अर्ज द्यायचा तर आवक विभागात, पण आवक विभाग सुट्टीवर. किल्ली कुणाकडे? किल्ली त्याच्याकडेच होती, खिशात. पण किल्ली वापरायचा हुकूम साहेबांकडे होता आणि साहेब डोंगरावर होते. शिपायानं मला किल्ली काढून दाखवली मात्र. आमच्या खात्यातही आम्ही असंच करतो, त्यामुळे मला रागावताही येईना.

तेव्हा मला आमचं सभागृह आठवलं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक बहुउद्देशीय सभागृह आहे. उद्देश बहुत असल्यामुळे कुठल्या एकावर अन्याय नको म्हणून ते कायम बंद असतं. आत नव्या कोऱ्या गादीच्या खुर्च्या आहेत, भिंतीत हीटर आहेत आणि दाराशी सेक्रेटरींनी स्वहस्ते रंगवलेला नियमांचा फलक आहे. खुर्च्यांची प्लॅस्टिकची वेष्टनं अजून काढलेली नाहीत. काढली तर खुर्च्या खराब होतील. वेष्टनावर बसलं तर वेष्टन खराब होईल. तेव्हा उभं राहावं, असा एकंदर संकेत.

सेक्रेटरी एकटे राहतात आणि नियमांशी संसार करतात. मी त्यांच्याकडे गेलो.

"बाहेरच्या लोकांसाठी सभागृह हवं तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो," ते म्हणाले. "सभेला पंधरा दिवसांची नोटीस."

"तोवर सुट्टी संपेल हो."

"मग ठरावाची गरजच उरणार नाही," ते समाधानानं म्हणाले. "सभासदाचा घरगुती समारंभ असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी किल्ली, संध्याकाळी परत. आहे का काही?"

"आहे," मी म्हणालो. कसं कोण जाणे, पण म्हणालो. "वाढदिवस आहे. माझ्या मामेसासऱ्यांचा."

माणसाच्या तोंडून खोटं पडतं तेव्हा ते नेहमी बायकोच्या माहेरावरच का जाऊन पडतं, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. ही माळ्यावरून अर्धी बाहेर लोंबकळत माझं सगळं ऐकत होती.

"माझ्या माहेरावर कशाला ढकललंत? तुमच्याकडे माणसांचा दुष्काळ पडला होता का? मला एकच मामा, तो जाऊन तीन वर्षं झाली. काकू स्वतः भेटायला आल्या होत्या तेव्हा."

"मग चुलतमामा म्हणू."

"आणि काकूंनी विचारलं, आईच्या कुठल्या काकांचा मुलगा, तर?"

ही शिडीवरून उतरली, हातावरची धूळ झटकली आणि विचारलं, "त्यांना खोकला कसला आहे? कोरडा की ओला?"

मी सांगितलं. तिनं पदर खोचला. "आईचे मधले काका लहानपणीच घर सोडून गेले होते. त्यांचा मुलगा. घर सोडून गेलेल्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. पण एक लक्षात ठेवा, पुढचा नातेवाईक तुमच्याकडचा."

अशा रीतीनं अध्यक्ष आमचे चुलतमामा झाले. सकाळी तिघंही आले. अध्यक्षांना मी सगळं बजावून ठेवलं होतं. त्यांना खोटं बोलणं फारसं पसंत नव्हतं; "मी नुसता बसेन, नातं तुम्ही सांभाळा," एवढंच ते म्हणाले. सभागृहात शिरल्यावर त्यांनी एका खुर्चीवर बूड टेकलं. प्लॅस्टिक असं काही कर्रकन वाजलं, की ड्रायव्हर दचकून उभा राहिला. अध्यक्ष शांतपणे उठले, त्यांनी वेष्टनाची कड शोधली आणि एका ओढीत ते काढून टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. मी थिजून पाहत राहिलो. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचीसुद्धा ती हिंमत झाली नव्हती.

आमच्या इमारतीत वाढदिवस गुपचूप करता येत नाही, हे माझ्या हिशेबातून सुटलं होतं. तासाभरात काकू दारात.

"मामा आलेत म्हणे! म्हणजे तुमच्या आईच्या कुठल्या काकांचे?"

हिनं मधले काका सांगितले. काकूंचे डोळे लकाकले. वंशवृक्षाची हरवलेली एक अख्खी फांदी त्यांना सापडली होती. खुर्ची ओढून त्या अध्यक्षांसमोर बसल्या आणि त्यांना माहिती विचारू लागल्या. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते, त्यामुळे ते फक्त ऐकत होते. ऐकण्याची त्यांची एक तऱ्हा होती. मान किंचित कलती, नजर समोरच्यावर, मधे "अस्सं" आणि "मग पुढे?" थोड्या वेळानं काकू त्यांची चौकशी विसरल्या आणि स्वतःची हकिगत सांगू लागल्या. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडून जगाची नाती ऐकत होतो. त्यांच्या स्वतःच्या मावशीनं त्यांना कसं वाढवलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग गायन शिक्षिका आल्या. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर आले. कुणी केक आणला. ड्रायव्हरनं सभागृहाचा लटकलेला पंखा आणि दोन बंद पडलेले हीटर दुरुस्त केले, बिनबोभाट. रेडिओ स्टेशनमास्तरांशी बोलत होता आणि स्टेशनमास्तरही त्याच्याशी एकाच वेळी बोलत होते, आणि दोघंही सुखात होते.

एकदाच धोका आला. रेडिओनं सवयीनं हाक मारली, "अध्यक्ष, चहा?" नेमके तेव्हाच सेक्रेटरी दारात.

"कसले अध्यक्ष?" त्यांनी विचारलं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षपदाची जागा रिकामी आहे आणि त्यांचा तिच्यावर डोळा आहे.

"घराण्याचे," मी म्हणालो. "आमच्याकडे सगळे निर्णय मामाच घेतात."

सेक्रेटरी उघड्या खुर्च्या पाहून पांढरे पडले होते. ते फलकापाशी गेले आणि नियम मोठ्यानं वाचू लागले. अध्यक्ष उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे नियम त्यांनी ऐकून घेतले. "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?" त्यांनी विचारलं. आजवर हे नियम कुणी मोडले होते, कुणी टाळले होते, पण ऐकले कुणी नव्हते. सेक्रेटरी निघून गेले, आणि मला वाटतं नाक शिंकरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी माझ्या आतेभावाचा वाढदिवस होता, म्हणजे रेडिओचा. तिसऱ्या दिवशी थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे ड्रायव्हरचा. किल्ली देताना सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडे सगळे याच आठवड्यात जन्मतात?"

"आमच्याकडे लग्नं उन्हाळ्याच्या तोंडाला होतात," मी सांगितलं. खोटं बोलता बोलता माणसाला शास्त्रही सुचू लागतं.

पण खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत माझ्यात काहीतरी हललं होतं. मी सेवा करायला निघालो होतो, आणि सकाळी उठल्यावर मला घाई व्हायची ती त्या सभागृहात जाऊन बसायची. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले. या लोकांसमोर बसलं की आपलं वजन कुणी करत नाही, असं वाटे. ही तर माळा अर्धाच सोडून खाली यायची आणि अध्यक्षांना काढा पाजायची. खोकला कमी होत होता. रोज अंधार पडला की तिघं निवाऱ्याकडे जात आणि अध्यक्षांची खाट शाबूत असे. मला वाटलं, आपण जिंकलो.

इतक्यात पोहण्याचा क्लब आला.

चौथ्या दिवशी सकाळी, नेमक्या माझ्या दुसऱ्या, नुसत्या कागदावरच्या चुलतमामेसासऱ्यांच्या वाढदिवशी, फाटकाशी टेम्पो थांबला. बॅनर उलगडला. भोंग्यातून आवाज आला, "बेघर बंधूंसाठी गरम जेवण! बेघर बंधूंनी रांगेत यावं!"

सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी धावत फाटकाशी गेले. "इथं कुणी बेघर नाही! इथं सगळे घरवाले आहेत!"

"नाही कसे?" भोंगेवाला म्हणाला. तीन दिवस त्याला वाढायला कुणी मिळालं नव्हतं आणि तो हातघाईवर आला होता. "आम्ही शहरभर शोधतोय. निवाऱ्यातच कळलं, तिघं रोज या इमारतीत असतात. एक उंच म्हातारे, मफलरवाले." आणि त्यानं काचेतून अध्यक्षांकडे बोट दाखवलं. "ते बघा!"

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. गॅलऱ्या माझ्याकडे वळल्या. भोंगासुद्धा माझ्याकडे वळला होता, असं मला अजून वाटतं.

"म्हणजे हे तुमचे मामेसासरे नाहीत?"

"नाहीत," मी म्हणालो.

"आतेभाऊ?"

"नाही."

"खोटं सांगून सभागृह घेतलंत. सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

अध्यक्ष उठले होतेच. त्यांनी खुर्ची नीट सरकवून ठेवली, मफलर गुंडाळला, पिशवी उचलली. "तीन दिवस फार बरे गेले," ते हिला म्हणाले. बाहेर बोचरा वारा सुटला होता आणि ते दारातच खोकले. त्या खोकल्यासरशी माझी भीड, माझी प्रतिष्ठा, एप्रन, फोटो, सगळं गळून पडलं. सांगितलं सगळ्यांना. वाचनालयाचं कुलूप, पूल, गेल्या वर्षीचा दवाखाना, खाटेचा नियम. "मी खोटं बोललो, हे खरं. पण सुट्टी संपेपर्यंत हा माणूस दिवसा उबेत बसला नाही, तर त्याची रात्रीची खाटही जाईल. मला जे सुचलं ते मी केलं. दुसरं काही सुचत असेल तर तुम्ही सांगा."

मग काकू जिन्यावरून खाली आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मला फसवलंत!" त्या माझ्यावर कडाडल्या. "त्या मधल्या काकांना कुठल्या गावी बसवायचं, या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागला नाही! नात्याच्या बाबतीत मला आजवर कुणी फसवलं नव्हतं."

मी मान खाली घातली. काकू सेक्रेटरींकडे वळल्या.

"सभागृह उद्या मला हवंय. माझ्या मावसभावाचा वाढदिवस आहे."

"कुठला मावसभाऊ?"

"हे काय, हे." त्यांनी अध्यक्षांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"अहो, पण तुम्हाला मावसभाऊच नाही!"

"ते तुम्ही मला सांगणार? या इमारतीत कोण कोणाचा कोण, ते मी सांगते. तीन दिवस माझ्या मावशीबद्दल बोलतोय आम्ही. मावशीबद्दल एवढं कोण ऐकून घेतं? तिचा मुलगाच."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. स्टेशनमास्तर म्हणाले, परवाचा दिवस माझा, रेडिओ माझा भाचा आहे. गायन शिक्षिकांनी ड्रायव्हरला दीर म्हणून मागून घेतलं, कारण तो पंखा आता सुरात फिरत होता. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, जे एरवी जिन्यात ओळख दाखवत नाही, त्यानं वरून ओरडून विचारलं, "आम्हाला कोणीच उरलं नाही का?" सेक्रेटरी भांबावून फलकाकडे पाहत होते. समारंभ घरगुती असावा, एवढंच तिथं लिहिलं होतं. नातं सिद्ध करावं, असं कुठं लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेला नियम लावणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"नियमाप्रमाणे," ते खाकरून म्हणाले, "सभासदानं नातेवाईक म्हटलं, की तो नातेवाईक. आणि आजचा दिवस संध्याकाळपर्यंत यांच्याच नावावर आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "सुट्टीचा शेवटचा दिवस राहतोय. तो मी घेतो."

"तुमच्याकडे कोणाचा वाढदिवस?" काकूंनी संशयानं विचारलं.

"माझा," सेक्रेटरी म्हणाले. "खरोखरचा आहे. दरवर्षी त्याच तारखेला असतो. तुम्हाला कुणाला माहीत असण्याचं कारण नाही."

काकूंना माहीत नव्हतं! काकूंना! त्या जागच्या जागी खुर्चीवर बसल्या, आणि अध्यक्षांनी सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवला.

राहता राहिला पोहण्याचा क्लब. त्यांच्या पातेल्यातलं जेवण निवत होतं आणि डोळ्यांत पाणी तरळत होतं. तिघांचं तर खाणं झालेलं. तेव्हा अध्यक्षांनी खरोखर अध्यक्षासारखा निर्णय दिला: क्लबनं इमारतीला वाढावं. मग काय! सगळी इमारत अंगणात पंगतीला बसली. भोंगेवाल्यानं मला स्वतःच्या हातानं दोनदा आग्रह करून वाढलं. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मी पोट फुटेस्तोवर खाल्लं. अर्ध्या कप सूपमागचा अध्यक्षांचा मोठेपणा मला तेव्हा नीट कळला. जेवणं झाल्यावर अध्यक्षांनी क्लबच्या मंडळींना जवळ बसवून घेतलं. "सुट्टी संपल्यानंतरचे सोमवार तुमचे," ते म्हणाले. "तेव्हा निवाऱ्यात वाढायला खरंच कुणी नसतं." बँकवाले आणि दंतवैद्य यांनाही निरोप गेले. निवाऱ्याच्या बाईंनी नंतर मला फोन केला, आणि पुढच्या सोमवारांची यादी दोनदा वाचून दाखवली.

सेक्रेटरींचा वाढदिवस दणक्यात झाला. गायन शिक्षिका गायल्या, ड्रायव्हरनं ठेका धरला, आणि केक कापताना सेक्रेटरींनी सगळ्यांना मोठ्यानं हसण्याची खास परवानगी दिली. त्या संध्याकाळी अध्यक्ष निवाऱ्याकडे निघाले तेव्हा खोकला पार थांबला होता. खाट त्यांचीच होती.

सुट्टी संपली. सकाळी ऑफिसला जाताना मी मुद्दाम वाचनालयावरून गेलो. दार उघडं होतं. अध्यक्ष खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान वर केली, ओळखीचं हसले आणि पुन्हा पेपरात गेले. मला समाधान वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं लागलंही. दिवसभर मी काटे तपासत होतो आणि एकाही काट्यात माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर सभागृहात दिवा. दाराशी सेक्रेटरी उभे.

"आज कुणाचा समारंभ?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही," ते म्हणाले. "काकू वाचनालयात जाऊन घेऊन आल्या. वाचनालय संध्याकाळी बंद होतं आणि निवारा अंधार पडल्यावर उघडतो. मधल्या वेळात रोज ही माणसं कुठं जात होती, हे तुम्ही विचारलं होतंत का कधी?"

मी विचारलं नव्हतं. काकूंनी विचारलं होतं.

"पण मग हे कुठल्या नियमात बसवलंत?"

"नियम समारंभाला असतात हो," सेक्रेटरी जरासे चिडूनच म्हणाले. "माणूस संध्याकाळी घरी येतो, त्याला कसला नियम?"

मी दार उघडून आत डोकावलो. रेडिओ बोलत होता, स्टेशनमास्तर बोलत होते, ही कपात काढा ओतत होती. काकू अध्यक्षांना कुणाच्या तरी नणंदेची गोष्ट सांगत होत्या. त्यांना हातानंच थांबवून अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"उशीर केलात आज, जावईबापू," ते म्हणाले. "या आत, आणि दार लावून घ्या. गार वारा येतोय."

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.